गाभोळीचे दिवस

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की यवतमाळ जिल्ह्यातले नाले एका रात्रीत बदलतात. आदल्या दिवशी ज्यात गुरांना प्यायला पाणी नव्हते, त्यात सकाळी कमरेइतका गढूळ लोंढा असतो. हे पाणी बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस अशा नद्यांत उतरते आणि अखेर वर्धेला नाहीतर पैनगंगेला जाऊन मिळते. पाणी खाली जाते, मासे वर येतात. उथळ पाण्यात पाठ उघडी पडली तरी न थांबता ते नव्याने भरलेल्या काठांकडे धाव घेतात, कारण अंडी तिथे घालायची असतात. मराठीत यांना चढणीचे मासे म्हणतात. पुलाच्या मोरीपाशी, बंधाऱ्याच्या सांडव्यापाशी माणसे त्यांची वाट पाहत उभी असतात. या दिवसांत मासा धरायला जाळे फेकण्याचे कसब लागत नाही. टोपली पुरते, कधी नुसते हातही पुरतात.

मादीचे पोट चिरले की गाभोळी निघते, पिवळसर, दाणेदार, भरगच्च. खाणाऱ्याला ती आवडते, आणि ती आवडण्यात काही पाप आहे असे खाणाऱ्या घरांना वाटत नाही. तरीही अनेक घरांत त्या क्षणी एखाद्या आजीचा हात थबकतो. पोटुशी होती बिचारी, असे ती म्हणते आणि मग कामाला लागते. त्या थबकण्यात एक जुना प्रश्न आहे. ज्या काळात एखादा जीव स्वतःचे रक्षण करू शकत नाही, त्या काळात त्याच्याशी वागण्याचा वेगळा धर्म असतो का?

या प्रश्नावर भारतात दोन-अडीच हजार वर्षे विचार झालेला आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत त्याच प्रश्नाच्या आसपास आणखी एक विद्या येऊन उभी राहिली आहे, माशांच्या रोगप्रतिकारशक्तीचा अभ्यास. तिला धर्माशी काही देणेघेणे नाही. पण तिने जे मोजले आहे, त्यामुळे आजीच्या थबकण्याला नवा अर्थ येतो.

माशाच्या अंगाला जो बुळबुळीतपणा असतो, तो त्याचा पहिला कोट. त्या बुळबुळीत थरात जिवाणूंची भिंत फोडणारे लायसोझाइम नावाचे विकर असते आणि जंतूंना मारणारी इतरही द्रव्ये असतात. कोट फुटला तर आत रक्तातल्या पेशी आणि प्रतिपिंडे लढतात. माशाच्या हाडांत रक्त घडवणारी मज्जा नसते. ते काम डोक्यामागे असलेला मूत्रपिंडाचा भाग करतो, आणि प्लीहा त्याला हातभार लावते. एवढी सगळी शिबंदी सांभाळायला अन्न लागते, ऊब लागते. मासा थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार झाले की त्याचे शरीर गार होते, आणि शरीर गार झाले की प्रतिपिंडे तयार होण्याचा वेग मंदावतो. म्हणजे एकाच माशाचे रक्षण वैशाखात एक असते, पौषात दुसरे.

समुद्रातल्या रानटी माशांत हे मोजून पाहिले गेले आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे नावाचा उपसागर आहे. तिथल्या डॅब या चपट्या माशांचे रक्त वर्षभर तपासून १९९६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हे मासे कुणी पाळलेले नव्हते, त्यांना कुणी चारा घालत नव्हते. त्यांच्या रक्तद्रवातल्या लायसोझाइमचे बळ ऋतूबरोबर वरखाली होत होते. आपल्याकडे भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेत याच प्रकारचे काम रोहूवर आणि मागूरवर झाले, आणि तिथेही रक्षणद्रव्यांचे प्रमाण ऋतूंप्रमाणे बदलताना दिसले. बेंबळेच्या किंवा अरुणावतीच्या धरणातला रोहू त्याच जातीचा आहे. लाइम बेची थंडी त्याने पाहिलेली नाही, पण विदर्भाचा उन्हाळा आणि हिवाळा हे दोन टोकांचे गुरू त्याला दर वर्षी भेटतात.

पाण्याची ऊब हा झाला एक भाग. विणीचा भाग याहून गहन आहे. अंडी तयार करण्यासाठी मादी आपल्या शरीरातली चरबी, प्रथिने अक्षरशः उपसून गाभोळीत भरते. त्याच काळात अंगात वाढणारी संप्रेरके रक्षणाच्या कामाला आवर घालतात. एकाच कोठारातून लग्नाचा खर्च आणि कोटाची डागडुजी दोन्ही करायची असेल तर एकाला कात्री लागतेच. पॅसिफिक महासागरातला सामन याचे टोकाचे उदाहरण. तो समुद्रातून नदीत शिरतो, शेकडो किलोमीटर उलटा पोहतो, खाणे सोडतो, अंडी घालतो आणि मरतो. त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल इतके चढते की रक्षणयंत्रणा कोसळते आणि जिवंतपणीच अंगावर बुरशी धरते. रोहू, कटला, मृगळ असे मरत नाहीत, ते पुढच्या वर्षीही अंडी घालतात. पण वाट तीच, फरक फक्त किती दूर जायचे याचा.

आणि इथे एक गोष्ट अशी आहे की जी कळल्यावर गाभोळीकडे पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. रोहूची मादी आपल्या अंड्यांत केवळ अन्न भरत नाही, आपली प्रतिपिंडेही भरते. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याची स्वतःची यंत्रणा तयार नसते. पहिले काही दिवस ते आईच्या उसन्या रक्षणावर जगते. रोहूच्या अंड्यांत आणि नुकत्या जन्मलेल्या पिल्लांत आईची ही प्रतिपिंडे सापडल्याचे भारतीय संशोधकांनीच दाखवले आहे. म्हणजे तिचा कोट ढासळतो तो निव्वळ अशक्तपणाने नव्हे. त्याच्या काही विटा तिने काढून मुलांना दिलेल्या असतात.

शतपथ ब्राह्मणात मनूची आणि माशाची गोष्ट आहे. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूच्या ओंजळीत एक इवलासा मासा येतो आणि बोलू लागतो. माझे रक्षण कर, मी तुझे करीन, असे तो म्हणतो. कशापासून माझे रक्षण करशील, असे मनू विचारतो, आणि येणाऱ्या महापुरापासून, असे उत्तर मिळते. मग तुझे रक्षण कसे करू, असे तो विचारतो. मासा सांगतो की आम्ही लहान असतो तोवर आमचा नाश फार, मासाच माशाला गिळतो. म्हणून मला आधी कुंभात ठेव, तो अपुरा पडला की खड्डा खणून त्यात ठेव, तोही अपुरा पडला की समुद्रात सोड, मग मी नाशाच्या पलीकडे गेलेला असेन.

पुढे प्रलय येतो, नाव येते, माशाच्या शिंगाला दोर बांधला जातो, आणि हा भाग सगळ्यांच्या लक्षात राहतो. पुराणांनी या माशाला विष्णूचा पहिला अवतार केले आणि सारे लक्ष त्या प्रचंड रूपाकडे गेले. मूळ गोष्टीत मात्र मागणी अगदी नेमकी आहे. मासा कायमचे अभय मागत नाही. तो आपल्या दुबळ्या काळापुरते अभय मागतो आणि तो काळ कधी संपेल हेही सांगून टाकतो. मनूचे मोठेपण असे की तो त्या काळाची मुदत पाळतो, आणि मुदत संपल्यावर माशाला आपल्याजवळ ठेवून घेत नाही.

मौर्यांच्या काळात ही मुदतीची कल्पना दगडावर कोरली गेली. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर अशोकाने जो पाचवा स्तंभलेख काढला, त्यात अवध्य प्राण्यांची यादी आहे. त्या यादीइतकेच लक्ष वेधून घेतात ते त्यातले दिवस. तीन ऋतूंच्या तीन चातुर्मासी पौर्णिमा, तिष्य नक्षत्राची पौर्णिमा, त्यांना लागून येणाऱ्या तिथी आणि उपोसथाचे दिवस, या सर्व दिवशी मासे मारायचे नाहीत आणि विकायचेही नाहीत. त्याच लेखात गाभण किंवा दूध पाजणाऱ्या शेळ्या, मेंढ्या आणि डुकरिणी अवध्य ठरवल्या आहेत, आणि सहा महिन्यांच्या आतली त्यांची पिल्लेही. म्हणजे अशोकाने फक्त प्राण्याची जात पाहिली नाही, त्याची अवस्था पाहिली. एरवी मारता येणारी शेळी गाभण असताना मारता येत नाही. धर्माच्या इतिहासात हे पाऊल फार मोठे आहे आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही.

विदर्भाला तर हा वारसा परका नाही. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडच्या बाजूला देवटेक नावाचे गाव आहे. तिथे सापडलेल्या शिळेवर ब्राह्मी लिपीत प्राण्यांना पकडण्यास आणि मारण्यास मनाई करणारी आज्ञा कोरलेली आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी त्या लेखाचा अभ्यास करून तो अशोकाच्या राजवटीशी जोडला. यवतमाळहून तिथे जायचे तर वर्धा नदी ओलांडावी लागते, एवढेच अंतर.

चातुर्मासाचाही उगम याच दिशेला दिसतो. बौद्धांच्या विनयात वर्षावासाचे कारण स्पष्ट दिलेले आहे. पावसाळ्यातही भिक्खू फिरत राहतात, कोवळे गवत आणि लहानसहान जीव पायाखाली चिरडतात, अशी लोकांनी तक्रार केली. पक्षीसुद्धा या दिवसांत घरटी करून स्थिर राहतात आणि हे मात्र हिंडतात, असे लोक म्हणू लागले. तेव्हा बुद्धाने भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितले. जैन साधू आणि साध्वी आजही या चार महिन्यांत विहार करत नाहीत, आणि त्याचे कारण विचारले तर ते जमिनीवर उमललेल्या जीवसृष्टीकडे बोट दाखवतात. थांबणाऱ्याच्या प्रकृतीसाठी हा नियम झालेला नाही. ज्यांच्यावर पाय पडला असता, त्यांच्यासाठी तो झाला.

आज यवतमाळमध्ये, पुसदमध्ये, वणीत श्रावण पाळणाऱ्या माणसाला विचारले तर उत्तर वेगळे येते. पावसाळ्यात पचनशक्ती मंद असते म्हणून मासे-मटण खाऊ नये. मन शुद्ध राहते. महादेवाचा महिना आहे. ही सगळी कारणे खाणाऱ्याच्या बाजूची आहेत. त्यांत मासा कुठेच नाही. नियम तोच राहिला, पण तो ज्याच्यासाठी होता तो त्यातून निघून गेला. अभयाचे व्रत झाले.

व्रत कमी प्रतीचे असे म्हणण्याचा हेतू नाही. स्वतःच्या जिभेला आवर घालणे ही साधना आहे आणि ज्या घरांत ती पिढ्यानपिढ्या चालत आली, तिथे तिने माणसे घडवली आहेत. पण व्रत आणि अभय यांचा हिशेब वेगवेगळा लागतो. व्रताचा हिशेब पाळणाऱ्याच्या मनात पुरा होतो. अभय खरे की खोटे हे ज्याला दिले त्याच्या शरीरावर ठरते. त्याला जगण्याची फट मिळाली की नाही, एवढाच तिथे प्रश्न.

या कसोटीवर आषाढाकडे पाहिले की अस्वस्थ व्हायला होते. श्रावण लागण्याआधी आखाड साजरा करायचा, महिनाभर मिळणार नाही म्हणून आधीच पोटभर खाऊन घ्यायचे, ही आता घराघरांतली रीत आहे. आषाढातल्या शेवटच्या रविवारी मासळीच्या आणि मटणाच्या दुकानांपुढे रांगा लागतात. विदर्भातल्या नद्यांत पावसाळी मासे अंड्यांवर येण्याचा काळ नेमका हाच. ज्या आठवड्यांत मादीची गाभोळी भरलेली असते आणि कोट ढासळलेला असतो, त्याच आठवड्यांत मागणी सगळ्यांत जास्त. श्रावणाने काही माद्या वाचतात हे खरे, पण त्याच श्रावणाच्या धास्तीने त्याआधी किती जातात हेही पाहायला हवे. आणि मग त्याच श्रावणाच्या शुक्रवारी आया जिवतीची पूजा करतात, लेकराबाळांना ओवाळतात, त्यांच्या रक्षणाचे मागणे मागतात. जिवतीच्या त्या चित्रातल्या बायकांच्या कडेखांद्यावर आणि मांडीवर मुले असतात. आईने आपले बळ पिल्लांना द्यावे, ही भावना ज्या संस्कृतीत इतकी खोल रुजलेली आहे, तिला गाभोळीतल्या त्या उसन्या प्रतिपिंडांची गोष्ट समजायला जड जाऊ नये.

मरळीचे उदाहरण तर डोळ्यांदेखत घडते. मरळ हा विदर्भातल्या खवय्यांचा मानाचा मासा. त्याचे नर-मादी अंडी घालून निघून जात नाहीत. लालसर पिल्लांचा थवा पाण्याच्या पृष्ठभागाजवळ पुंजक्याने फिरतो आणि आईबाप त्याच्या खाली पहारा देत राहतात. ज्याला हे ठाऊक आहे तो थवा शोधतो आणि त्याच्याखाली गळ सोडतो. पहाऱ्यावरचा मासा जागा सोडून पळत नाही, म्हणून सापडतो. महानुभावांच्या लीळाचरित्रात शिकाऱ्यांपासून पळून आलेला ससा चक्रधरांच्या आसऱ्याला येतो आणि ते त्याला शिकाऱ्यांच्या हवाली करत नाहीत. मरळ कुणाच्या आसऱ्याला येत नाही. ती दुसऱ्याला आसरा देत असताना मारली जाते. दोन्ही प्रसंगी माणसापुढचा प्रश्न एकच आहे.

हे सगळे आपल्या पूर्वजांना आधीच माहीत होते, असे म्हणण्याचा मोह इथे होतो. तो आवरलेला बरा. अशोकाला लायसोझाइम ठाऊक नव्हते. विनयपिटक सांगणाऱ्याला संप्रेरके ठाऊक नव्हती. त्यांनी जे पाहिले ते उघड्या डोळ्यांनी, आणि त्यावरून जो निर्णय घेतला तो करुणेतून. त्या करुणेला प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज नाही आणि तो शिक्का मारायला गेले तर फसगतही होते. चरकसंहितेत ऋतूंप्रमाणे बळाचा चढउतार सांगितला आहे. माणसाचे बळ ग्रीष्मात आणि वर्षाऋतूत सगळ्यांत कमी, हेमंतात आणि शिशिरात सगळ्यांत जास्त. माशाचे तसे नाही. हेमंत-शिशिरात त्याची प्रतिपिंडे थंडावतात. ऋतू एकच असतो, पण प्रत्येक देहाला तो वेगळा लागतो.

माणसामाणसांतही तसेच. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात माणसाच्या रक्तातल्या पाच हजारांहून अधिक जनुकांचे काम ऋतूप्रमाणे बदलते असे दिसले. युरोपात दाह वाढवणारी जनुके हिवाळ्यात जोरात होती. ऑस्ट्रेलियातही हिवाळ्यातच, पण तिथला हिवाळा जून ते ऑगस्टमध्ये. आणि पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात, जिथे आपल्यासारखा पावसाळा आहे, तिथे रक्तातल्या रक्षक पेशींची संख्या पावसाळ्यात वाढलेली आढळली, म्हणजे हिवतापाच्या दिवसांत. त्यामुळे एका ग्रंथातला एक श्लोक घेऊन सगळ्या प्राण्यांना लावणे हे शास्त्राच्या दृष्टीने चूक आहेच. धर्माच्या दृष्टीनेही ते उथळ आहे. समोरचा जीव केव्हा दुबळा असतो हे त्याच्याकडे बघूनच कळते, स्वतःच्या पचनाकडे बघून कळत नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर हे बघणे कायद्यात उतरले आहे. राज्याच्या सागरी मासेमारी अधिनियमाखाली १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांनी मासेमारी करायची नाही. तारली अंड्यांवर येते ती याच पावसाळ्यात. खवळलेल्या दर्यात जायचे नाही, हा कोळ्यांचा नेम कायद्यापेक्षा जुना, आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहून मग होड्या पाण्यात लोटायच्या, ही त्याची सांगता. तिथे माणसाची भीती, माशाची वीण आणि दर्याची पूजा एकमेकांत गुंतली आहेत आणि ती वेगळी काढायचे कारणही नाही.

जमिनीवरच्या नद्यांत अभयाची दुसरी तऱ्हा सापडते, काळाऐवजी जागेची. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तो वरदायिनी देवीचा, त्यातले मासे देवीचे, म्हणून त्यांना कुणी धरत नाही. वाडा तालुक्यात तिळसे इथे वैतरणेच्या पात्रात तिळसेश्वराच्या देवळापाशी तेच. तिथे खडस म्हणजे महसीर हे मोठे मासे माणसाच्या हातातून खाणे घेतात. देवाचा डोह बाराही महिने राखलेला असतो, म्हणून माशाचा दुबळा काळ कुठला हे कुणाला ठाऊक असण्याची गरजच पडत नाही. अज्ञानालाही पुरून उरेल असे हे अभय आहे. यवतमाळच्या नद्यांचे डोह त्या मानाने बेवारस आहेत. कळंबच्या चिंतामणीच्या देवळात पायऱ्या उतरून जमिनीखाली जावे लागते आणि तिथल्या कुंडाच्या पाण्याला भाविक हात जोडतात. पाण्याला देवपण देण्याची सवय या जिल्ह्यालाही आहे. ती कुंडातून नदीच्या डोहापर्यंत पोचायची राहिली आहे.

अभयाचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न मात्र धर्मचर्चेत नेहमी मागे पडतो. श्रावणात खाणाऱ्याचे पैसे वाचतात आणि भोयाची चूल विझते. धरणांवरच्या मच्छीमार सहकारी संस्था वर्षाचा ठेका भरतात, मत्स्यबीज विकत आणून सोडतात. हे बीजही माणसाच्या हिकमतीचे आहे. रोहू-कटला बंद तळ्यात आपोआप अंडी घालत नाहीत, त्यासाठी त्यांना पुराची चाहूल मिळावी लागते. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात माशाच्याच पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना अंडी घालायला लावले आणि देशाची मत्स्यशेती बदलली. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. ज्याच्या पोटाचा सगळा मेळ माशाच्या विणीवर बसतो, त्याला वीण राखायला कुणी शिकवण्याची गरज नाही. त्याला विणीच्या दिवसांतली मजुरी हवी आहे. समाजाने माशाला अभय द्यायचे ठरवले तर त्याची किंमत एकट्या भोयाच्या माथी मारणे हा धर्म होत नाही.

पावसाळा उतरणीला लागतो तेव्हा माशावर आणखी एक संकट येते आणि ते जाळ्यातून येत नाही. श्रावण ते आश्विन हा कापसावरच्या फवारणीचा काळ. २०१७ मध्ये याच दिवसांत फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या घरांचे दुःख माशांच्या गोष्टीत ओघाने सांगून टाकावे असे नाही. पण जे विष माणसाच्या श्वासात गेले त्याच जातीचे विष पावसाबरोबर नाल्यात उतरते, आणि अंडी घालून रिकामी झालेली मादी व आईच्या उसन्या रक्षणातून नुकतीच बाहेर पडलेली पिल्ले त्या वेळी त्याच नाल्यात असतात. मेलाथिऑनसारखी कीटकनाशके माशाला मारणार नाहीत इतक्या कमी मात्रेतही त्याची प्रतिकारशक्ती खच्ची करतात, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. मासा विषाने मरत नाही, महिनाभराने एखाद्या साध्या जंतूने मरतो, आणि मग त्याचा बोल कुणावरच येत नाही.

कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो. खंडोबाचे नवरात्र पाळणारी घरे चंपाषष्ठीपर्यंत थांबतात, मग तीही मोकळी होतात. बाजार पुन्हा भरतो. आणि यवतमाळच्या पठारावर थंडी उतरते. धरणांचे पाणी विशीच्या आसपास येते. मरळीच्या अंगावर लाल चट्टे दिसण्याचे दिवस हेच. एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम नावाचा हा रोग १९७१ मध्ये जपानमध्ये प्रथम दिसला, आग्नेय आशिया ओलांडत १९८८ मध्ये ईशान्य भारतात शिरला आणि काही वर्षांत देशभर पसरला. अफॅनोमायसीस नावाचा बुरशीसारखा जीव कातडीतून आत शिरतो आणि मांस कुजवतो. उबदार पाण्यात मरळीचे शरीर त्याच्याभोवती पेशींची भिंत बांधते, जखम भरते. गार पाण्यात तीच भिंत अर्धवट राहते. माशाच्या बाजूने पाहिले तर अभयाची गरज पौषातही आहे, आणि पौषासाठी कुणी व्रत सांगितलेले नाही.

एक उपाय माशाकडे स्वतःचा असतो. माणसाला ताप येतो, तो आतून. माशाला आतून ताप आणता येत नाही, म्हणून तो बाहेरून आणतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत गोल्डफिशवर झालेल्या प्रयोगांत दिसले की जिवाणूंची लागण झालेले मासे एरवीपेक्षा गरम पाणी शोधतात आणि तिथे जाऊन थांबतात. ज्यांना तशी ऊब मिळाली ते जास्त संख्येने जगले. पण त्यासाठी हलायला जागा हवी. खोल गार पाणी आणि उथळ उन्हाळलेला काठ, दोन्ही हवेत.

माघानंतर ती जागाच आटत जाते. नद्यांची धार तुटते, पात्रात डोह तेवढे उरतात. चैत्र-वैशाखात पारा पंचेचाळिसाकडे सरकतो आणि डोहाचेही डबके होते. मनूने त्या माशाला कुंभातून खड्ड्यात आणि खड्ड्यातून समुद्रात नेले होते. यवतमाळच्या माशाचा प्रवास जानेवारीपासून मेपर्यंत नेमका उलट होतो, नदीतून डोहात आणि डोहातून डबक्यात. त्यात जे तगतात त्यांच्याच पोटात पुढच्या मृगाला गाभोळी धरते. गव्हाला आणि भाजीपाल्याला पाणी द्यायचे असते, ती गरजही खरी असते. डोहात शेवटचे किती हात पाणी ठेवायचे, हे त्या वेळी काठावर मोटार लावून बसलेल्या माणसाच्या हाती असते.